मानाच्या खुर्चीपुढचे पांढरे फूल

इस्त्री म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर हातात मावणारी, वायर लोंबणारी वस्तू येते. मित्रांनो, मी तसली नव्हे. मी एक जुनी इस्त्री आहे खरी, पण मला इथे आणून बसवायला चोवीस माणसे लागली होती आणि त्यांतल्या दोघांची कंबर पुढे महिनाभर धरली होती. मी आठ हात रुंद आहे. माझे दोन रूळ आहेत. खालचा लोखंडाचा, त्याच्या पोटात वाफ खेळते. वरचा जाड लोकरी बनातीने मढवलेला. ओलसर चादर एका बाजूने आत घालायची, दुसऱ्या बाजूने ती कोरडी, कडक आणि गुळगुळीत होऊन बाहेर येते. एवढेच माझे काम. पण हे काम मी शहराच्या ऐन मध्यावर असलेल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलात पंच्याहत्तर वर्षे केले आहे, आणि माझ्यातून बाहेर पडलेल्या चादरीवर सुरकुती दाखवा, असे मी कोणालाही आव्हान देते.

मी फुशारकी मारत नाही. म्हणजे थोडी मारते, पण खरी मारते.

आज तुम्ही शाळेतून रांगेने हे हॉटेल बघायला आलात. वरचा संगमरवरी जिना पाहिलात, झुंबरे पाहिलीत, आणि शेवटी खाली तळघरात माझ्यापाशी आलात. माझ्या अंगावर एक पाटी लावली आहे. तिच्यावर माझे वजन आहे, मी कोणत्या वर्षी आले ते आहे आणि खाली लिहिले आहे, ‘कृपया हात लावू नये’. तुमच्यापैकी निम्म्यांनी लावला, ते बरे केलेत. आता पाटीवर जे लिहिलेले नाही ते मी सांगते.

मी आले तेव्हा या हॉटेलला भिंती नव्हत्या. जमिनीत मोठा खड्डा होता, आणि मालकांनी सांगितले होते की आधी लॉन्ड्रीची यंत्रे खाली उतरवा, मग वर इमारत चढवा. त्यामुळे माझ्या डोक्यावर सगळे हॉटेल बांधले गेले. आधी तळघराचे छत, त्यावर जेवणाचा मोठा हॉल, त्यावर एकावर एक सहा मजले. लोक म्हणतात की हॉटेल पायावर उभे आहे. मला विचाराल तर ते माझ्यावर उभे आहे. एक गोष्ट मात्र खरी, की मला कधी बाहेर काढायचे म्हटले तर कोणत्याही दारातून मी मावणार नाही.

कारखान्यात मला एक लांबलचक नाव दिले होते. लॉन्ड्रीतल्या बायकांनी ते पहिल्याच आठवड्यात बदलले. मी तापायला वेळ लावते, तापले की फुसफुसते, ताटकळत ठेवलेले मला खपत नाही आणि माझ्यापुढे कापड जरा वाकडे आले की ते मी वाकडेच करून परत देते. म्हणून माझे नाव पडले सासूबाई. सकाळी बॉयलर पेटला की पहिला प्रश्न हाच.

“सासूबाई तापल्या का?”

“तापल्यात, पण अजून बोलत नाहीत.”

“मग थांबा गं बायांनो. उगाच तोंडाला तोंड नको.”

मला राग येत नसे. सासूबाई म्हणताना त्या माझ्यासमोर कापड अगदी सरळ धरत, आणि सुनांनी याहून जास्त काय करायचे असते?

तुम्हाला वाटेल, तळघरात राहून हिला हॉटेलचे काय ठाऊक. दिव्याखाली अंधार म्हणतात तसे हिचे असणार. तसे नाही. सगळे हॉटेल दर दिवशी माझ्यातून जात असे. तिसऱ्या मजल्यावरच्या चादरींना दुहेरी काठ होता, सहाव्या मजल्यावरच्या चादरी इतक्या मऊ होत्या की त्या हातातून निसटत. कोणत्या खोलीत लहान मूल आले आहे, कोणत्या खोलीतली बाई रोज रडते, कोण अंथरुणात बसून फळे खातो, हे धुणाऱ्या बायका माझ्यापाशी येऊन सांगत. शिवाय एक खिडकी होती. ती अजून आहे, बघा, तिथे वर छताला लागून. ती बाहेर फुटपाथच्या पातळीवर उघडते. उघडते म्हणजे काच आत सरकते; बाहेरून लोखंडी जाळी घट्ट बसवलेली आहे. तिच्यातून फक्त जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय दिसतात.

त्या पायांवरून आमच्या बायका पाहुणे ओळखत. हात चालू असत आणि डोळे खिडकीकडे.

“ते टोकदार काळे बूट बघ. दुसऱ्या मजल्यावरचे.”

“आणि मागून त्या उंच टाचा. बिनसलंय गं दोघांचं.”

“तुला कसं कळलं?”

“मधे चार हात अंतर आहे. काल एक हात होतं.”

दुसऱ्या दिवशी त्या खोलीतल्या चादरी आल्या की कोण बरोबर ठरले ते कळायचे. हॉटेलच्या मोठ्या साहेबांनाही आपल्या पाहुण्यांची इतकी खबर नसेल.

आता मी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या कामाकडे येते. वरच्या मोठ्या हॉलमध्ये साठ माणसांचे एक लांब टेबल आहे. त्यावर घालायला पहिल्या मालकांनी एकसंध पांढरे कापड विणून घेतले होते. पंचवीस पावले लांब, मधे कुठेही जोड नाही. त्या कापडाला आम्ही ‘लांबडे’ म्हणत असू. अख्ख्या शहरात लांबड्याला इस्त्री करू शकणारी मी एकटी. आणि त्याची घडी घालायची नाही असा नियम होता, कारण घडी घातली की मोड पडते आणि मोड पडलेल्या कापडावर या हॉटेलात कोणी जेवत नाही. म्हणून माझ्यातून बाहेर पडता पडता ते एका लांब लाकडी दांड्यावर गुंडाळले जाई, आणि सहा जणी तो दांडा खांद्यावर घेऊन वर नेत.

गंमत अशी की तो दांडा मागच्या जिन्यात वळत नसे. नोकरमाणसांचा जिना अरुंद, दर दहा पायऱ्यांवर वळण. त्यामुळे लांबडे पुढच्या दारच्या संगमरवरी जिन्यानेच न्यावे लागे. एरवी आमच्या लॉन्ड्रीतल्या कोणाला लॉबीत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. पण मोठ्या जेवणाच्या दिवशी सहा बायका स्वच्छ धुतलेले कपडे घालून, केस नीट बांधून, खांद्यावर लांबडे घेऊन भर लॉबीतून चालत जात. सगळ्यांत पुढे लॉन्ड्रीच्या मुख्य, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या हात वर करून सांगत, “लांबडं येतंय, वाट द्या!” आणि मंत्री असो की मोटारींचा मालक, जो तो बाजूला होत असे. परत आल्यावर त्या मला सगळे सांगत. कोण उठून उभा राहिला, खिडकीतून दिसणाऱ्या कोणत्या बुटांवर कसला चेहरा होता, झुंबरात किती दिवे लागले होते. मी कधी वर गेले नाही, पण त्या जिन्याच्या एकोणतीस पायऱ्या मला पाठ आहेत.

मग युद्ध आले. पाहुणे गेले, झुंबरे गोणपाटात बांधली गेली आणि खोल्याखोल्यांत जखमी सैनिकांच्या खाटा पडल्या. त्या वर्षांत मी पट्ट्या आणि साध्या चादरी दाबल्या. धुऊनही न गेलेले डाग मी तेव्हा पाहिले, त्यांच्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. एवढे सांगते की मी त्या चादरी जितक्या मन लावून दाबल्या तितक्या सहाव्या मजल्याच्याही दाबल्या नसतील. पट्ट्यांसाठी कापड कमी पडू लागले तेव्हा पडदे फाडले, नॅपकिन फाडले. मोठ्या बाईंनी लांबडेही आणून डॉक्टरांपुढे ठेवले. डॉक्टरांनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “हे राहू द्या बाई. युद्ध संपल्यावर जेवायला बसायचंय ना आपल्याला?”

त्याच काळात लॉन्ड्रीत एक नवी बाई आली. सगळ्यांत लहान म्हणून तिला सगळ्या जणी धाकटी म्हणू लागल्या. तिच्या नवऱ्याला लवकरच लढाईवर जायचे होते आणि घरी एक मुलगी होती. नवरा जायच्या आधी रोज संध्याकाळी तिला न्यायला येई. त्याचे तोंड आम्ही कधी पाहिले नाही, कारण खिडकीतून फक्त बूट दिसत. तो बुटाच्या टोकाने जाळीवर दोनदा टोच मारी. टक, टक. तो आवाज आला की धाकटी हसून हात पुसू लागे. त्याचा डावा बूट अंगठ्यापाशी उसवला होता. धाकटीने तो आमच्याकडच्या लाल दोऱ्याने शिवून दिला होता. चादरीच्या कोपऱ्यात खोलीचा आकडा घालायला तो दोरा वापरत. हॉटेलचा दोरा घरच्या बुटाला वापरला म्हणून मोठ्या बाई तिला रागावल्या, आणि मग स्वतःच म्हणाल्या, “नीट तरी शिवायचास. हा टाका आहे की विंचू?”

तो त्याच बुटांनी लढाईवर गेला. पहिले वर्षभर पत्रे आली. मग दोन वर्षे काहीच नाही.

युद्ध संपले. खाटा गेल्या, भिंतींना रंग लागला, आणि हॉटेल पुन्हा सुरू होणार म्हणून मोठे जेवण ठरले. साठ खुर्च्या, आणि लांबडे. सकाळपासून लॉन्ड्रीत लगीनघाई उडाली होती. मी त्या दिवशी अशी तापले होते की बॉयलरवाले काका म्हणाले, “आज सासूबाई माहेरी आल्यासारख्या खुशीत आहेत.” दुपारी लांबडे माझ्यात शिरले. पुढच्या बाजूला एका काठाला धाकटी, दुसऱ्या काठाला तिची जोडीदारीण, जिला सगळे मावशी म्हणत. आमच्याकडे एक नियम होता. घराला आग लागली तरी हातातले कापड सोडायचे नाही.

अर्ध्याहून जास्त लांबडे पार झाले होते. तेवढ्यात खिडकीवर आवाज झाला. टक, टक.

धाकटीने मान वर केली. जाळीपलीकडे धुळीने माखलेले दोन बूट उभे होते आणि डाव्या बुटाच्या अंगठ्यापाशी लाल विंचवासारखा टाका होता.

तिने कापड सोडले. मित्रांनो, मी त्या क्षणाची साक्षीदार आहे. तिने विचार करून सोडले नाही. तिचे हातच सुटले. ती धावली, टोपल्यांवर चढली आणि जाळीतून दोन बोटे बाहेर काढून तो टाका चाचपू लागली.

“ओळखलंस का?” बाहेरून आवाज आला.

“बूट ओळखले,” ती म्हणाली. “खाली वाक की जरा!”

तो वाकला. त्या खिडकीत मी आयुष्यात पहिल्यांदाच माणसाचा चेहरा पाहिला. दाढी वाढलेली होती, एका गालावर व्रण होता आणि तो रडत होता. लॉन्ड्रीतल्या सगळ्या बायका हातातले काम टाकून तिथे बघत राहिल्या.

सगळ्या म्हणजे मावशीसुद्धा. तिच्या लक्षात आले तेव्हा लांबडे एका बाजूने तिरके चालले होते. मोड पडेल या भीतीने तिने मला थांबवायचा दांडा ओढला. माझा वरचा रूळ उचलला गेला, ते तिचे बरोबरच होते. पण धाकटीच्या बाजूचे सैल झालेले कापड खालच्या तापल्या लोखंडावर पडले आणि तिथेच राहिले. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते. मला फक्त फुसफुसता येते, आणि माझ्या फुसफुसण्याकडे त्या क्षणी कोणाचे लक्ष असणार? जळका वास आला तेव्हा बायका धावल्या. काठापासून हातभर आत, बरोबर जिथे ताट ठेवतात तिथे, तळहाताएवढा तपकिरी डाग पडला होता.

सगळ्यांची पाचावर धारण बसली. लांबडे खराब करणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवायचे, असा मोठ्या साहेबांचा जुना हुकूम होता. आणि धाकटीचा नवरा डावा पाय ओढत चालत होता. त्याला कधी काम मिळेल, मिळेल की नाही, कोणाला ठाऊक नव्हते. नवरा परत आला त्याच घटकेला घर चालवणारी नोकरी जायची वेळ आली.

“कोणाच्या हातून सुटलं?” मोठ्या बाईंनी विचारले.

“माझ्या,” धाकटी म्हणाली.

“दांडा मी ओढला,” मावशी म्हणाली. “तिला कशाला, मला पाठवा.”

“वाफ मीच जास्त सोडली होती,” बॉयलरवाले काका मधेच बोलले. ते साफ खोटे होते. वाफ अगदी बेताची होती, मला विचारा.

मोठ्या बाईंनी डागावरून बोट फिरवून पाहिले. मग त्यांनी बाह्या वर सारल्या. “कोणाची चूक त्यावर उद्या भांडू. आत्ता संध्याकाळ व्हायला चार तास आहेत. लिंबू आणा, मीठ आणा, आणि कपाटातला पांढरा रेशमी दोरा आणा. धाकटे, तू बाहेर जा, त्याला आत बसव, पाणी दे, आणि लगेच ये. विंचू काढतेस तसा टाका आज चालायचा नाही.”

लिंबू-मिठाने डाग वाळल्या गवताच्या रंगाइतका फिका झाला, पण तिथले कापड विरले होते. ते रफू करून झाकले असते तर रफू दिसले असते. मोठ्या बाई म्हणाल्या, “लपवलं की लोक शोधतात. आपण हे दाखवायचं.” मग सहा बायका कापडाभोवती बसल्या आणि त्या डागावर त्यांनी पांढऱ्यावर पांढरे असे एक फूल भरले. आठ पाकळ्या, दाट टाके, मधे उंच गाभा. धाकटीने दोन पाकळ्या भरल्या, आणि त्या सगळ्यांत सरळ आल्या. तिचा नवरा टोपलीवर बसून बायकोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता. त्याने विचारले, “हीच का ती सासूबाई?” मग लांबडे पुन्हा माझ्यातून गेले. या वेळी कोणी खिडकीकडे पाहिले नाही. मीही माझ्याकडून वाफेचा एक थेंब इकडे-तिकडे होऊ दिला नाही.

वर हॉलमध्ये काय झाले ते मला मावशीने सांगितले. लांबडे अंथरले गेले आणि पाहणी करत येणारे मोठे साहेब फुलापाशी थबकले.

“हे काय आहे?”

मोठ्या बाईंची पापणीही लवली नाही. “मानाची जागा, साहेब. मुख्य पाहुण्याला या फुलासमोर बसवायचं. मोठ्या हॉटेलांत असंच असतं.”

मोठ्या हॉटेलांत काय असते ते आपल्याला माहीत नाही, हे मोठ्या साहेबांनी कबूल करणे शक्यच नव्हते. ते म्हणाले, “ते मला माहीत आहे. मी फक्त फूल जागेवर आलंय का ते बघत होतो.”

त्या संध्याकाळी मुख्य पाहुण्यांची खुर्ची टोकावरून उचलून तिथे आणली गेली. त्यांनी भाषणात त्या फुलाचे कौतुक केले. पुढच्या जेवणाला दुसऱ्या पाहुण्याने विचारले, “मानाची जागा कोणती?” आणि वर्ष-दोन वर्षांत ते हॉटेलच्या छापील नियमात गेले. ‘पांढऱ्या फुलासमोर प्रमुख अतिथी बसतील.’ राजदूत तिथे बसले, न्यायाधीश बसले, परदेशातून आलेल्या गायिका बसल्या. त्या जागेसाठी लोक रुसत, चिठ्ठ्या पाठवत. आम्ही खाली पोट धरून हसत असू. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या मुठीत तर नुसता एक डाग होता!

धाकटीची नोकरी राहिली. तिच्या नवऱ्याला पुढे हॉटेलच्या मागच्या दारावर बसायचे काम मिळाले आणि तो रोज संध्याकाळी खिडकीवर दोनदा टोच मारत राहिला. वर्षे गेली. मोठ्या बाई गेल्या, मावशी मुलाकडे राहायला गेली. धाकटी लॉन्ड्रीची मुख्य झाली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. लांबड्याच्या पुढे हात वर करून ती चालू लागली. मग तीही केस पिकल्यावर घरी बसली.

त्यानंतर माझे दिवस फिरले. ज्यांना इस्त्रीच लागत नाही अशा चादरी आल्या. दाबून बघितल्या मी, त्यांच्यात जीव नव्हता. नॅपकिन कागदाचे झाले. बाकीचे कपडे धुवायला बाहेरच्या गाड्या येऊ लागल्या. एका सुटातल्या माणसाने माझ्याभोवती फेरी मारली, फुटपट्टीने मोजले आणि सांगितले की ही इथून निघाली की व्यायामाची छान खोली होईल. दारातून निघणार नाही हे कळल्यावर तो म्हणाला, “मग गॅसने कापून काढू.” मी थंड होते, तरी माझ्या अंगातून वाफ निघाली असती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी मी आहे.

हॉटेलच्या पंच्याहत्तराव्या वर्षाचे जेवण हे माझे शेवटचे काम ठरले. त्यानंतरच्या सोमवारी लॉन्ड्री बंद होणार आणि मला कापणारे येणार होते. नव्या माणसांपैकी लांबडे माझ्यात घालता येणारे कोणी नव्हते, म्हणून धाकटीला घरून बोलावले. ती सत्तरीची झाली होती, हातात काठी होती. तिने माझ्या रुळावर हात ठेवला आणि म्हणाली, “काय सासूबाई, ओळख आहे का?” मग स्टुलावर बसून तिने नव्या मुलींना सांगितले, कसे धरायचे, कधी ढील द्यायची. आणि हेही सांगितले, की घराला आग लागली तरी सोडायचे नाही. लांबडे पिवळसर झाले होते, पण माझ्यातून ते असे बाहेर आले की मुलींनी तोंडात बोटे घातली.

तेवढ्यात हॉटेलच्या नव्या मॅनेजर बाई धावत तळघरात आल्या. एवढ्या वर्षांत मॅनेजर असा कोणी खाली आला नव्हता. त्या काळजीत होत्या. दोन बडे पाहुणे फुलासमोर बसायला हटून बसले होते.

“आजी, तुम्हाला जुनं सगळं माहीत असेल,” त्या म्हणाल्या. “फुलासमोर कोण बसतं नक्की? वयानं मोठा की हुद्द्यानं?”

धाकटी हसू लागली. इतकी हसली की तिला खोकला आला.

“अहो बाई, फूल कसलं! डाग आहे तो. माझ्या हातून पडलेला.”

“डाग?”

धाकटीने खिडकीकडे काठी दाखवली आणि सगळे सांगितले. बूट, लाल टाका, खाली वाकलेला चेहरा, लिंबू-मीठ. नव्या मुली काम थांबवून ऐकत राहिल्या. “पंचेचाळीस वर्षं कोणाला सांगितलं नाही,” ती शेवटी म्हणाली. “नोकरी जाईल म्हणून भीती. आता कोण काढणार मला? लॉन्ड्रीच काढून टाकलीत तुम्ही.”

मॅनेजर बाई खिडकीपर्यंत जाऊन जाळी बघून आल्या. मग त्यांनी विचारले, “आणि ते? तुमचे यजमान?”

“सहा वर्षं झाली जाऊन. बूट आहेत घरी.”

त्या दिवशी लांबडे वर निघाले तेव्हा धाकटी काठी टेकत पुढे चालली आणि एकोणतिसाव्या पायरीपर्यंत तिचा आवाज मला ऐकू येत होता, “लांबडं येतंय, वाट द्या!” ती परत खाली येईल म्हणून मी वाट पाहिली. ती आली नाही. वर खुर्च्या सरकल्या, साठ जोडी पाय आत आले आणि बसले. नंतर मुलींनी सांगितले की मॅनेजर बाईंनी दोन्ही बड्या पाहुण्यांना हात जोडून सांगितले, ‘माफ करा, ही जागा आज मूळ मालकिणीची आहे,’ आणि आढेवेढे घेणाऱ्या धाकटीला दंडाला धरून फुलासमोर बसवले. पण मला कोणी सांगायची गरज नव्हती. मोठा हॉल बरोबर माझ्या डोक्यावर आहे. सगळ्या पायांच्या गलक्यात एका जागी चपलेच्या टोकाचा आवाज आला. टक, टक.

सोमवारी कापणारे आले तेव्हा मॅनेजर बाईंनी त्यांना चहा देऊन परत पाठवले.

तर मित्रांनो, आता मी तापत नाही. माझ्यावर पाटी आहे आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी फडके मारते. मला याचे वाईट वाटत नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. पण या शहरातल्या सगळ्यात मानाच्या जागेखाली मी उभी आहे, आणि ती जागा कशी झाली हे मला ठाऊक आहे. तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. जुन्या यंत्रांना कापायच्या आधी त्यांच्यापाशी काम केलेल्या माणसांना दोन शब्द विचारत जा. आणि काम करणाऱ्या कोणाच्या हातून काही सुटले, डाग पडला, तर रागावण्याआधी विचारा की खिडकीत कोण आले होते.

आता तुमची रांग निघेल. पुढच्या दाराने बाहेर पडलात की डावीकडे वळा. फुटपाथवर पायापाशी एक लोखंडी जाळी दिसेल. तिथे जरा थांबा आणि बुटाच्या टोकाने दोनदा टोच मारा. मी इथे आहे, मला ऐकू येईल.